जाळ कुणी काढायचा

गूळ कशानं होतो असं विचारलं तर कुणीही सांगेल, ऊस पाहिजे, जाळ पाहिजे, काहील पाहिजे. बरोबर आहे. पण ह्या सगळ्यापेक्षा जास्त लागतो तो कंटाळा. हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं, तेही आख्खं आधण जाळून बसल्यावर.

मी आप्पासो खाडे. शिक्षण सातवी, त्यातली सहावी दोनदा. भोगावती नदीच्या काठाला आमचं गुऱ्हाळ आहे. आमचं म्हणजे मालकांचं, पण मालक कोल्हापुरात राहतात आणि हंगामात दोनदा येऊन काकवी खाऊन जातात, तेव्हा आमचंच म्हणायचं. तिथं मी चौतीस हंगाम गुळव्या आहे.

गुळव्याचं काम सांगतो. घाण्यावरनं उसाचा रस काहिलीत येतो. काहील म्हणजे दोन माणसं आडवी झोपतील एवढी कढई. तिच्याखाली चुलवाण, त्यात चिपाडांचा जाळ. एका खेपेच्या रसाला म्हणायचं आधण. एका आधणाला अडीच-तीन तास जातात. मळी वर येते ती काढायची, भेंडीचं पाणी घालून परत मळी काढायची, उतू जायला लागला की फावड्यानं मोडायचा. हे सगळं धरून काम किती, तर अर्धा तास. बाकीचे दोन तास कट्ट्यावर बसून नुसतं काहिलीकडं बघायचं. आणि मग सगळ्यात शेवटी एक मिनिट येतं. त्या मिनिटात काहील उतरवायची. आधी उतरवली तर गूळ बसत नाही, ढेपेला घाम फुटतो. मागाहून उतरवली तर काळा आणि कडू. ते मिनिट ओळखायचं कसं? फेसाचा रंग, बुडबुड्याचा आवाज, वास, पाण्यात टाकलेल्या गोळीचा टणकपणा. हे आपलं नवीन माणसाला सांगायला. खरं म्हणजे आपण ते शोधत नाही, तेच येऊन सांगतं. बसल्या बसल्या आपोआप मान वर होते आणि तोंडातनं निघतं, "काढ."

ते "काढ" ऐकायला खाली बाबालाल असतो. बाबालाल मुलाणी, आमचा चुलव्या. भिंतीपलीकडच्या खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी बसून तो चिपाडं सारतो. त्याला काहील दिसत नाही. मी वरनं म्हटलं की तो लोखंडी आकड्यानं जाळ बाहेर ओढतो, मग घाण्यावरची दोघं येऊन कप्पीची साखळी ओढतात आणि काहील गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी होते. अठ्ठावीस हंगाम आम्ही दोघं असेच आहोत. तो खाली, मी वर. दिवसातनं पन्नास शब्द बोलत असू, त्यातले दहा "काढ" आणि "सार".

गुऱ्हाळाचा एक रिवाज आहे. गुळव्यानं सांगितल्याशिवाय चुलव्यानं जाळाला हात लावायचा नाही. आधण बिघडलं तर गुळव्याचं, जमलं तरी गुळव्याचंच. चुलव्यानं आपल्या मनानं जाळ काढला तर ते चार लोकांत गुळव्याच्या थोबाडीत दिल्यासारखं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी सुधारणा झाली, ह्याला यंत्र नाही का. आहे की. आमच्या भिंतीवरही डबा आहे, काहिलीत त्याची कांडी असते, उष्णता बरोबर सांगतो, जास्त झाली की बोंबलतो. पण रान चोपण होतं का मुरमाड, उसाचं पाणी किती दिवस तोडलं होतं, तुरा आला होता का, ह्यावर ते मिनिट पुढंमागं होतं. डबा ऊस ओळखत नाही. यंत्राचा गूळ बिस्किटाच्या कारखान्याला जातो. आमचा गूळ माणसं खातात.

छाया, माझी बायको, गेल्या सालच्या आदल्या दिवाळीत गेली. रोज अकराच्या सुमाराला ती भाकरी घेऊन गुऱ्हाळावर यायची, गठुळं कट्ट्यावर आपटायची आणि म्हणायची, "आधी जेवा, काहील कुठं पळून जात न्हाई." गेली ती चार दिवसांच्या तापानं. मागं त्या दोन तासांनी मला खायला घेतलं. आधी काहिलीकडं बघत बसलो की डोक्यात काही नसायचं. आता काही नसलं की छाया असायची.

सानिका, माझी लेक, पुण्यात असते. तिच्या कंपनीनंच कानामागं चिकटवायची एक टिकली काढलेली, 'सोबत' नावाची. तोवर शहरात सगळ्यांच्या कानामागं आलेलीच होती. मी फोनवर चारदा रडलो, तशी पाचव्या दिवशी ती टिकली घेऊन दारात हजर.

मी म्हटलं, मला समजेल असं सांग हे काय आहे. पोर गुऱ्हाळावर वाढलेली, तिनं बरोबर सांगितलं. माणसाला कंटाळा आलाय हे त्याचं त्याला कळायच्या चार सेकंद आधी मेंदूत एक बारीक लाट उठते. म्हैस वैरण खाता खाता मान वर करते की नाही, तसं मन कामातनं मान वर करतं. जुने फोन काय करायचे, म्हशीनं मान वर केली की तिच्यापुढं नाचायचे. ही टिकली ती लाट उठतानाच पकडते आणि तेवढ्या फटीत काहीतरी भरून टाकते. कानामागच्या हाडातनं आवाज, डोळ्यात एक पातळ भिंग, त्यात कोपऱ्याला चित्र. आपले हात आपलं काम करत राहतात. म्हणजे मान वर यायच्या आधीच म्हशीच्या तोंडाशी पेंडीचा घास. म्हैस मान वर करतच नाही.

"मग कंटाळा?" मी विचारलं.

"येतच नाही, पप्पा. कुणालाच येत नाही आता."

आणि खरंच आला नाही. काहिलीकडं बघत बसायचो आणि कोपऱ्यात चाललेलंच असायचं. कुठं विहीर खणतायत, कुठं म्हातारा घड्याळ खोलून बसलाय, कुठं लाल मातीत कुस्ती. काय आवडतं ते टिकलीला आपल्याआधी कळायचं. महिन्याभरात तिनं ओळखलं की ह्या गड्याचा जीव गुळात आहे. मग देशोदेशीची गुऱ्हाळं यायला लागली. कोलंबिया म्हणून देश आहे, तिथंही उसाचा गूळ करतात, विटेसारखा चौकोनी. तिथला एक टक्कल पडलेला गुळव्या मला फार आवडायचा. त्याचा हात बघत राहावा असा होता. दोन तास कुठं जायचे कळायचं नाही. छाया दिवसाची यायची बंद झाली.

गावातही घरोघरी टिकली आली होती. कुणाचं काही बिघडलंय असं दिसायचं नाही, पण कुणाचं काही पुरंही व्हायचं नाही. शाळेच्या वायरमननं खांबावर चढून तासभर हसून काढला आणि दिवे न लावताच उतरला. आमच्या शेजारच्या सुतारानं माझ्या परड्याच्या दाराचं माप नेलं ते नेलंच. आठ महिन्यांनी विचारलं तर म्हणाला, झालंच की. टिकलीत रोज चार-चार दारं होताना बघत होता तो. कुठलं कुणाचं, ह्याचा त्याला पत्ता नव्हता. मी घरी येऊन हसलो त्याला. हसायला काय जातंय.

माझं तर सगळं सुरळीत चाललं होतं. मळी निघत होती, ढेपा पिवळ्याधमक निघत होत्या. कधी कधी मी "काढ" म्हणायचो तेव्हा खालचा जाळ आधीच बसलेला वाटायचा. मी म्हणायचो चिपाडं ओली असतील.

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. त्या दिवशी डोळा आला होता म्हणून मी भिंग काढून ठेवलं होतं आणि भिंग नाही म्हणून टिकलीही. सैरभैर झालो होतो. बसवेना. उगीच उठून भिंतीवरनं खाली डोकावलो. बघतोय तर बाबालाल जाळ ओढून बाहेर घेतोय. मी काही बोललो नव्हतो. त्यानं वर बघितलंही नाही, हाताच्या सवयीनं ओढत होता. मी वळून काहिलीकडं बघितलं. गोळी घेतली. अगदी ते मिनिट होतं.

शहाण्या माणसानं तिथं गप्प बसावं का नको? काहील पालथी झाली तसा मी खाली उतरलो आणि घाण्यावरच्या दोघांच्या देखत त्याला विचारलं, कधीपासनं चाललंय हे?

"गेल्या शिमग्यापासनं," बाबालाल म्हणाला.

म्हणजे जवळजवळ वर्ष. वर्षभर माझ्या नावाचा गूळ हा खड्ड्यात बसून वासावर करत होता. मी म्हटलं, तुला सांगितलं कुणी. तो म्हणाला, सांगायला कुणी नव्हतं म्हणून तर केलं. आणि पंच्यानं डोकं पुसत पुढं जे बोलला ते मला टोचलं.

"वर तू बसतोस, आप्पा. असतोस का न्हाई, ते मला खालनं कळत न्हाई."

आता हा माणूस अठ्ठावीस वर्षं माझ्यासंगं तापलेला. छायाच्या मातीला ह्यानं माझ्या दंडाला धरून ठेवलं होतं. ते सगळं माहीत असून माझ्या तोंडातनं आलं, "चुलव्या हाईस, चुलव्यागत रहा."

घाणा बंद होता, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

"बरं," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी छायाचा ऊस आला. आमचं स्वतःचं दोन गुंठ्यांचं एक तुकडं आहे. त्यातली लावण छायानं स्वतःच्या हातानं केली होती, कांडी न कांडी पायानं दाबत. लावणीचा ऊस गेला, आता हा त्याच बुडख्यांवर फुटलेला खोडवा, आणि एवढा तुटला की रान मोडायचं होतं. म्हणजे तिच्या हातचा शेवटचा. एकच आधण व्हायचं. त्याचा गूळ मी बाहेर देत नाही. सानिकाला जातो, बाबालालच्या घरी जातो, उरलेला माझ्या चहाला.

डोळा बरा झाला होता. वाटलं होतं आज टिकली नको. पण ऊस बघितला, आणि दोन तास त्या रसासमोर रिकामं बसायचं माझ्यानं होईना. लावली.

पुढचं मला मधनं मधनं आठवतंय. मळी काढली. भेंडीचं पाणी घातलं. फेस तांबूस झाला. मग कोलंबियातला तो टकल्या आला. त्याचंही आधण शेवटाला आलं होतं. काय सुंदर फेस होता. मी बघतोय, तोही बघतोय, दोघंही दम धरून. त्यानं मान वर केली, हात उचलला आणि त्याच्या माणसांनी कढई उतरवली. मी मनात म्हटलं, वा, बरोबर उतरवली गड्यानं. काम झाल्यावर अंग कसं सैल पडतं, तसं माझं अंग सैल पडलं. हात फडक्याला पुसले मी.

घाण्यावरची दोघं ओरडत पळत आली तेव्हा मला धूर दिसला. काहिलीतनं. कडेनं डांबरासारखं काळं फुगून वर येत होतं. त्यांनी साखळी ओढली, काहील पालथी केली, पण वाफ्यात जे पडलं ते गूळ नव्हतं. डबा भिंतीवर बोंबलत होता. किती वेळ बोंबलत होता कुणास ठाऊक.

बाबालालनं मधे एकदा खालनं "आप्पा?" म्हणून विचारलं होतं. मी "हं" म्हटलं होतं. हे मला त्या दोघांनी मागाहून सांगितलं. टिकली लावलेला माणूस कशालाही "हं" म्हणतो.

तो खड्ड्यातनं वर आला. वाफ्याकडं बघितलं. त्यालाही माहीत होतं ऊस कुणाचा. डोक्याचा पंचा सोडला, झटकला, चार घड्या घालून खांद्यावर टाकला.

"मी तुझं ऐकलं, आप्पा," एवढं म्हणाला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

सानिकाला फोनवर सांगितलं तेव्हा तिकडनं नुसतं "हं" आलं. मला वाटलं तीही टिकलीतच आहे. पण ती दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून आली. वाफ्यातली ती काळी खपली मी अजून काढली नव्हती. तिच्यासमोर उकिडवी बसून तिनं मला जे सांगितलं, ते सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती.

म्हैस मान वर करते ती कंटाळून करते, असं तिच्या कंपनीनं धरलं होतं. पण म्हैस लांडग्याचा वास आला तरी मान वर करते. आणि लाट एकच. आधी मान वर होते, मग मन ठरवतं हा कंटाळा आहे का काही कळलंय. गाडीचा आवाज बदललाय हे ड्रायव्हरला, पोराला ताप येणार हे आईला, डाळ लागणार हे बाईला, हे सगळं त्याच लाटेवरनं येतं. तीस-चाळीस वर्षांचं शिकलेलं आत साठून असतं आणि मान वर झाली की ते समोरच्याशी ताडून बघतं. टिकली ती लाटच खाते. हातांची सवय राहते, त्यामुळं काम चाललंय असं दिसतं. फक्त काम करणारा तिथं नसतो.

मी विचारलं, हे कंपनीला कधी कळलं. म्हणाली, आठ महिने झाले, पण अजून पक्कं नाही म्हणून तपासणी चालू आहे. मी म्हटलं, आणि तुला? म्हणाली, मलाही तेव्हाच. मग सांगितलं का नाहीस, हे विचारताना माझा आवाज चढला असेल.

"तुम्ही फोनवर रडायचं थांबला होता, पप्पा," ती म्हणाली.

तिनं नखानं त्या खपलीचा तुकडा काढला, जिभेवर ठेवला आणि तसाच गिळला. मी टिकली काढून तिच्या हातात दिली. ते परत येतं का, एवढं विचारलं. ती म्हणाली, लाट अजून उठतेच, पण मनाला तिच्याबरोबर कुठं जायचं ते विसरायला झालेलं असतं. रिकामं बसावं लागेल. किती दिवस ते कुणालाच माहीत नाही, कारण रिकामं बसून बघायला तपासणीसाठीसुद्धा माणसं मिळत नाहीत.

पहिले आठ दिवस सांगण्यासारखे नाहीत. अंगावर मुंग्या सोडल्यासारखं व्हायचं. हात सारखा कानामागं जायचा. आणि छाया आली. सव्वा वर्ष दाराबाहेर थांबवली होती, ती सगळी एकदम आत आली. परडं झाडता झाडता मी खाली बसायचो ते तिथंच. गुऱ्हाळ बंद होतं. मालकांचा फोन आला, शेतकऱ्यांचा ऊस रानात वाळतोय, दुसरा गुळव्या बघू का. मी म्हटलं बघू नका, आहे एक.

बाबालालच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, जैबूनभाभीनं, चहा ठेवला. तो ओसरीला खुरप्याला मूठ बसवत होता. आम्ही दोघं उसाच्या पाण्याचं बोललो, त्याच्या गुडघ्याचं बोललो, सरपंचाला शिव्या दिल्या. माफीबिफी मला येत नाही, आणि त्याला ऐकायला आली नसती. चहा संपला तेव्हा म्हटलं, "उद्यापासनं तू वर बस. मी खाली बसतो."

त्यानं मूठ ठोकायची थांबवली. "चिपाडं सारायला येतात तुला?"

"शिकव."

"गुडघं जातील तुझं."

"तुझं गेलंच की."

भाभी आतनं म्हणाली, दोघांचे मिळून चार गुडघे, त्यातले दोन कामाचे असतील तर बघा. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळ पेटलं.

बाबालालचा गूळ चांगला निघतो. माझ्यापेक्षा एक आणा कमी, पण हे मीच म्हणतोय. खाली खड्ड्यात मला तीस-पस्तीस वर्षांत न कळलेल्या गोष्टी कळल्या. एक म्हणजे चुलव्याला काही म्हणजे काही दिसत नाही. समोर जाळ, बाजूला चिपाडाचा ढीग, पाठीला भिंत. दोन मुठी सारायच्या, चार दम थांबायचं, परत दोन मुठी. घाम डोळ्यात. असल्या जागी बसून हा माणूस वरच्या काहिलीतलं मिनिट ओळखत होता, वर्षभर, रिवाज मोडून, आणि एका शब्दानं बोलला नव्हता. मी तिथं बसून सार म्हटलं की सारायचो, काढ म्हटलं की काढायचो. डोक्यात कंटाळा, त्याच्या पाठीमागं छाया, आणि त्याच्या पाठीमागं काही नाही.

सानिका रविवारी यायला लागली. तिनं अजून नोकरी सोडलेली नाही, सोडेल असंही वाटत नाही, घराचे हप्ते आहेत. पण गुऱ्हाळावर टिकली गाडीत ठेवून येते. काहिलीपाशी कट्ट्यावर बसते. पहिल्या रविवारी अकरा मिनिटं बसली, मग उठून गाडीकडं गेली. दुसऱ्या रविवारी एकोणीस. बाबालाल तिला म्हणाला, असंच चाललं तर माझ्या नातवाच्या लग्नापर्यंत एक आधण बघशील तू. ती हसली, पण तिचा हात कानामागंच होता.

फाल्गुन संपत आला. माझ्यात काही फरक नव्हता. मी मनाची तयारी करत होतो की असूदे, चुलव्या तर चुलव्या. थकायला झालं होतं. वाट बघायचंसुद्धा थकायला होतं एका वयात.

पाडव्याच्या आदल्या दिवशी हंगामातलं शेवटून तिसरं आधण होतं. अकरा वाजून गेले असतील, कारण ऊन खड्ड्याच्या तोंडापर्यंत आलं होतं. मी दोन मुठी सारल्या आणि थांबलो. डोक्यात काही नव्हतं. मग कट्ट्यावर गठुळं आपटल्यासारखं झालं. आधी जेवा, काहील कुठं पळून जात न्हाई. मी वर बघितलं. कुणी नव्हतं. वर फक्त भिंत आणि धुरानं काळी झालेली तुळई. पण मान वर झालेली होती, आणि छायाच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं. वास नाही म्हणता येणार, आवाजही नाही. काहिलीतलं उकळणं मघापेक्षा जड झालं होतं. आता.

मी बाबालालच्या हाकेची वाट बघितली. हाक आली नाही.

एक दम गेला. मला वाटलं मीच चुकलो. चुलवाणाच्या तोंडाशी मी, आणि वर गुळव्या आहे, बघतोय, त्याला कळत नसेल का. मी कोण. रिवाज आहे. दुसरा दम गेला. वर कुणी हलत नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ज्यानं माझी एक हाक चुकवली नव्हती, तो आज गप्प होता, आणि काहिलीत कुणाचा तरी वर्षाचा ऊस होता. माझा हात आकड्याकडं गेला.

मी जाळ बाहेर ओढला.

सगळा ओढला, एक काडी आत ठेवली नाही. धुरानं खोकत मागं सरलो आणि भिंतीला टेकलो. वर साखळी वाजली, काहील उचलली, वाफ्यात गूळ पडल्याचा जाड आवाज आला. घाण्यावरच्या दोघांनी मला त्या सांजेला सांगितलं, की बाबालाल हातात गोळी घेऊन उभाच होता. गोळी टणक झाली होती. ती दोघं साखळीला हात घालायला आली तर त्यानं त्यांना हातानंच थांबवलं, आणि ओठ मिटून खालच्या बाजूला कान देऊन उभा राहिला. आणखी एक दम गेला असता तर आधण गेलं असतं.

पण ते मला मागाहून कळलं. तेव्हा एवढंच झालं, की भिंतीवरनं त्याचं डोकं दिसलं. तोंडावर काही नव्हतं, हसणं नाही, राग नाही. त्यानं मुठीत जपून धरलेली ती गोळी माझ्या ओंजळीत टाकली. कोमट होती. मी तोंडात घातली.

"चुलव्या हाईस," तो म्हणाला, "चुलव्यागत रहा की."

तोंडात गूळ होता म्हणून मला जरा वेळ लागला.

"बरं," मी म्हटलं.